स्नायू, पेशी आणि तंतू : अस्थिलग्न स्नायूच्या मराठी मांडणीची समीक्षा

सारांश

अस्थिलग्न स्नायूची सूक्ष्म रचना आणि कार्य हा विषय जीवशास्त्र, शारीरिक शिक्षण, परिचर्या, आयुर्वेद अशा अनेक अभ्यासक्रमांत शिकविला जातो. या विषयाच्या मराठी मांडणीत 'स्नायू', 'पेशी', 'तंतू', 'आकुंचन', 'मंद' हे पाच शब्द वारंवार येतात. हे शब्द स्नायूची रचना व क्रिया यांचे यथार्थ आकलन करून देतात काय, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. रचनेच्या पायऱ्या एकमेकींत मिसळणे आणि 'आकुंचन' या शब्दाने क्रियेचे चुकीचे चित्र उभे राहणे, हे या मांडणीतील दोन प्रमुख दोष होत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : अस्थिलग्न स्नायू, पेशी, सार्कोमिअर, आकुंचन, परिभाषा, मराठी विज्ञानलेखन.

१. प्रस्तावना

मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी महाविद्यालयात स्नायूचे प्रकरण वाचू लागतो, तेव्हा त्याच्याजवळ तीन वेगवेगळ्या शब्दसंपदा असतात. पहिली घरची. पोटरीत गोळा येतो, शिरेवर शीर चढते, कंबरेत उसण भरते, दंडाची बेटकुळी फुगते, अशी ही भाषा आहे. दुसरी शाळेची. तीत ऐच्छिक व अनैच्छिक स्नायू, पेशी, ऊती, आकुंचन हे शब्द येतात. तिसरी इंग्रजी संदर्भग्रंथांची. मसल फायबर, मायोफायब्रिल, सार्कोमिअर ही तिची नावे. या तिन्ही भाषा एकाच वस्तूविषयी बोलत असतात. परंतु त्यांची एकमेकींशी गाठ घालून देण्याचे काम आपल्या अध्यापनात क्वचितच होते. परिणामी विद्यार्थी तिसरी भाषा पाठ करतो, दुसरी विसरतो आणि पहिलीला शास्त्रात स्थान नाही असे समजतो.

परिभाषेवरील आपली चर्चा बहुधा संस्कृतप्रचुरता, क्लिष्टता आणि इंग्रजी शब्दांचा स्वीकार या मुद्द्यांभोवती फिरते. प्रस्तुत लेखात कसोटी वेगळी आहे. एखादी संज्ञा वापरून दिलेले स्पष्टीकरण वस्तुस्थितीला धरून उतरते की नाही, यावरून त्या संज्ञेचे मूल्यमापन करावे, अशी ही भूमिका आहे. स्नायूचा विषय या कसोटीसाठी विशेष उपयुक्त ठरतो, कारण येथे रचनेची एक पायरी चुकली की कार्याचे संपूर्ण स्पष्टीकरण चुकते.

२. दोन शब्दांची अदलाबदल

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातील पेशींची संख्या ५०० आणि स्नायूंची संख्या ९०० सांगितली आहे. तेथे 'पेशी' म्हणजे मांसाचा वेगळा काढता येणारा भाग. आजच्या मराठीत ज्याला आपण स्नायू म्हणतो, त्याच्या तो जवळ जातो. सुश्रुताचा 'स्नायू' मात्र बांधणारा आहे. फळ्यांची नाव अनेक दोरांनी बांधलेली असली म्हणजे पाण्यात भार वाहू शकते, तसे स्नायूंनी बांधलेले शरीर भार वाहते, असा दृष्टान्त तेथे दिला आहे. आज ज्यांना आपण अस्थिबंध किंवा कंडरा म्हणतो, त्या रचनांशी हा स्नायू अधिक जुळतो.

पुढे भारतीय भाषांत या शब्दांनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. बंगालीत 'स्नायू' चेतातंतूचा वाचक झाला. हिंदीत 'मांसपेशी' हा शब्द जुन्या अर्थाला धरून राहिला आणि सजीवाच्या मूलभूत एककासाठी 'कोशिका' आला. मराठीत, गुजराती व कन्नडप्रमाणे, 'स्नायू' हाच आकुंचन पावणारा मांसल अवयव ठरला. आणि मोकळा झालेला 'पेशी' हा शब्द शालेय पुस्तकांनी सजीवाच्या एककासाठी घेतला. मराठी विश्वकोशाने त्याच अर्थी 'कोशिका' हा शब्द योजला आहे. म्हणजे मराठीच्या आतही एकवाक्यता नाही.

शब्दांचे अर्थ बदलणे हा भाषेचा स्वभाव आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. अडचण निर्माण होते ती एकाच विद्यार्थ्याला दोन्ही अर्थ एकाच वेळी सांभाळावे लागतात तेव्हा. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या आणि नाशिक येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत आधुनिक वैद्यक व आयुर्वेद या दोन्ही विद्याशाखा येतात. आयुर्वेदाचा विद्यार्थी रचनाशारीर शिकताना 'पेशी' म्हणजे मांसाचा अवयव असे शिकतो. बारावीपर्यंत त्याने 'पेशी' म्हणजे सजीवाचे सूक्ष्म एकक असे शिकलेले असते. २०२२ मध्ये मध्य प्रदेशात वैद्यकाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली. भारतीय भाषांतून उच्च शिक्षणाचा विचार आता प्रत्यक्षात येऊ लागला असल्यामुळे, शेजारच्या भाषेतील पुस्तक वाचणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला या अदलाबदलीची आगाऊ कल्पना देणे अगत्याचे झाले आहे.

३. पायऱ्यांचा गोंधळ

अस्थिलग्न स्नायूची रचना अनेक पायऱ्यांची आहे. संपूर्ण स्नायू आवरणात गुंडाळलेला असतो. त्याच्या आत जुड्या असतात. प्रत्येक जुडीत अनेक लांब, दंडगोलाकार घटक असतात. त्यांची जाडी सामान्यतः १० ते १०० मायक्रोमीटर असते. हा प्रत्येक घटक म्हणजे एक संपूर्ण पेशी होय. गर्भावस्थेत अनेक पेशी एकत्र विलीन होऊन ती बनते, म्हणून तिच्यात अनेक केंद्रके आढळतात. या पेशीच्या आत एक ते दोन मायक्रोमीटर जाडीची शेकडो सूत्रे समांतर पसरलेली असतात. प्रत्येक सूत्र एकापुढे एक जोडलेल्या खंडांचे बनलेले असते; हा खंड म्हणजे सार्कोमिअर. आणि सार्कोमिअरमध्ये मायोसिनचे जाड व ॲक्टिनचे बारीक असे दोन प्रकारचे प्रथिनतंतू रचलेले असतात.

मराठी लेखनात या पायऱ्यांपैकी किमान तिहींना 'तंतू' हेच नाव मिळते. पेशी हाही तंतू, तिच्यातील सूत्र हाही तंतू आणि त्यातील प्रथिनाची काडी हाही तंतूच. 'स्नायू तंतूंचा बनलेला असतो आणि त्या तंतूंत बारीक तंतू असतात' या धाटणीचे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, परंतु त्यातून पेशीची सीमा कोठे संपते हे कळत नाही. इंग्रजीत फायबर, फायब्रिल व फिलामेंट असे तीन शब्द असल्यामुळे निदान पायरी बदलल्याची सूचना तरी मिळते.

या गोंधळाचा परिणाम एका नेहमीच्या विधानात पाहता येतो. 'व्यायामाने स्नायूंच्या पेशी वाढतात' असे आपण सर्रास म्हणतो. मराठीत 'पेशी' या शब्दाचे एकवचन व अनेकवचन सारखेच आहे आणि 'वाढणे' हे क्रियापद संख्येलाही लागते व आकारालाही. त्यामुळे व्यायामाने पेशींची संख्या वाढते असा अर्थ विद्यार्थी सहज काढतो. वास्तविक भार उचलण्याच्या व्यायामाने स्नायू जाड होतो, तो मुख्यतः असलेल्या पेशींमध्ये सूत्रांची भर पडून प्रत्येक पेशी जाड झाल्यामुळे. 'व्यायामाने स्नायुपेशी जाड होते' असे लिहिले, तर दोन शब्दांत हा प्रश्न सुटतो.

पायऱ्या स्पष्ट ठेवल्या म्हणजे गणितही सोपे होते. दहा सेंटिमीटर लांबीच्या सूत्रात अडीच मायक्रोमीटरचा एक, असे ४०,००० सार्कोमिअर एकापुढे एक बसतात. प्रत्येक सार्कोमिअर केवळ अर्धा मायक्रोमीटर आखूड झाला, तरी संपूर्ण सूत्र दोन सेंटिमीटर आखूड होते. शेजारी शेजारी सूत्रे वाढली तर बळ वाढते. ओळीत सार्कोमिअर वाढले तर हालचालीचा पल्ला व वेग वाढतो. रचना आणि कार्य यांचा संबंध शिकविण्यासाठी याहून सुबोध उदाहरण मिळणे कठीण. मात्र 'तंतू' या एकाच शब्दावर सर्व भार टाकला, तर हे उदाहरण मांडताच येत नाही.

या दृष्टीने स्नायू, जुडी, तंतुपेशी, सूत्र, सार्कोमिअर व तंतुक अशी सहा पायऱ्यांची नावे सुचवावीशी वाटतात. भाजीबाजारातील 'जुडी' हा शब्द शास्त्रात आणताना संकोच वाटण्याचे कारण नाही. 'तंतुपेशी' या नावात तंतूसारखा आकार आणि पेशी असणे या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. सार्कोमिअर, ॲक्टिन, मायोसिन ही विशेषनामांसारखी नावे तशीच ठेवणे इष्ट होय.

४. 'आकुंचन' या शब्दाचे चित्र

खरी समस्या पुढे आहे. स्नायूच्या क्रियेला आपण 'आकुंचन' म्हणतो. हाच विद्यार्थी पदार्थविज्ञानात धातूचे उष्णतेने प्रसरण व थंडीने आकुंचन शिकलेला असतो. रेल्वेच्या रुळांच्या सांध्यात फट का ठेवतात, याचे उत्तर त्याला पाठ असते. धातूच्या आकुंचनात पदार्थाचे कण एकमेकांच्या जवळ येतात आणि वस्तूचा प्रत्येक भाग लहान होतो. तेच चित्र तो स्नायूला लावतो. प्रथिनाचे तंतू रबरासारखे आटतात, असे त्याला वाटते.

या समजुतीबद्दल विद्यार्थ्याला दोष देता येत नाही. प्रथिनाची साखळी स्वतःच घडी पडून आखूड होत असावी, असाच विचार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक शास्त्रज्ञही करीत होते. १९५४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. एक अँड्र्यू हक्सली व रॉल्फ नीडरगेर्के यांचा. त्यांनी बेडकाच्या जिवंत तंतुपेशीवर काम केले होते. दुसरा ह्यू हक्सली व जीन हॅन्सन यांचा. त्यांनी सशाच्या स्नायूतील सूत्रे पाहिली होती. दोन्ही हक्सलींचे परस्परांशी नाते नव्हते. दोघांचे निरीक्षण मात्र एकच होते. स्नायू आखूड होताना सूक्ष्मदर्शकातील गडद पट्ट्याची लांबी तीच राहते, फक्त फिकट पट्टा अरुंद होतो. याचा अर्थ तंतुके आटत नाहीत. बारीक तंतुके जाड तंतुकांच्या मधल्या जागेत आत सरकतात.

हे समजण्यासाठी आगपेटीचे उदाहरण पुरेसे आहे. अर्धवट उघडलेली आगपेटी बंद केली की तिची एकूण लांबी कमी होते. पण आतला खण आखूड झालेला नसतो आणि बाहेरचे वेष्टनही नाही. एक दुसऱ्यात गेलेला असतो, एवढेच. मायोसिनची टोके ॲक्टिनला पकडतात, किंचित वळतात, सोडतात आणि पुढच्या जागी पुन्हा पकडतात. प्रत्येक ओढीत काही नॅनोमीटर एवढेच अंतर कापले जाते.

'आकुंचन' हा शब्द आणखी दोन ठिकाणी अपुरा पडतो. नाशिक रोड स्थानकावर डोक्यावर बोजा घेऊन उभ्या असलेल्या हमालाच्या मानेचे व पाठीचे स्नायू पूर्ण ताकदीने काम करीत असतात. त्यांची लांबी मात्र बदलत नाही. मल्लखांबावर एखादी पकड स्थिर ठेवणाऱ्या खेळाडूचेही तसेच. याला 'समलांबी आकुंचन' म्हणणे म्हणजे आखूड न होता आखूड होणे असे म्हणण्यासारखे आहे. त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेणी पाहून पायऱ्या उतरताना तर मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायू काम करीत असतानाच लांबत जातो, कारण तो शरीराचा भार हळूहळू खाली सोडत असतो. सवय नसलेल्या माणसाच्या मांड्या दुसऱ्या दिवशी दुखतात, त्या चढण्यापेक्षा या उतरण्यामुळे अधिक. 'लांबत जाणारे आकुंचन' हा प्रयोग मराठी वाचकाच्या गळी उतरणे अवघड आहे.

या तिन्ही प्रकारांत समान असते ती ओढ. मायोसिन ॲक्टिनला ओढत असते. भार कमी असेल तर स्नायू आखूड होतो, तुल्यबळ असेल तर तेवढाच राहतो, अधिक असेल तर लांबतो. म्हणून मूळ क्रियेला 'ओढ' किंवा 'ताण धरणे' आणि तिच्या दृश्य परिणामाला आखूड होणे, स्थिर राहणे, लांबणे अशी विभागणी केली, तर स्पष्टीकरण सुसंगत होते. 'आकुंचन' हा रूढ शब्द काढून टाकण्याची गरज नाही. परंतु तो प्रथम वापरताना धातूच्या आकुंचनाहून त्याचा वेगळा अर्थ सांगणे हे लेखकाचे कर्तव्य होय.

५. सोडण्याचीही किंमत

'आकुंचन' शब्दाच्या जोडीने 'प्रसरण' हा शब्द येतो आणि स्नायू आपण होऊन पसरतो असा आणखी एक गैरसमज रुजतो. स्नायूला ओढता येते, ढकलता येत नाही. कोपर वाकविणारा दंडाचा पुढचा स्नायू पुन्हा लांब होतो, तो मागच्या स्नायूने अथवा हातातील भाराने खेचल्यामुळे. 'शिथिलीकरण' हा शब्द त्या मानाने योग्य आहे. पण त्यालाही एक छटा आहे. शिथिल होणे म्हणजे काहीच न करणे, विश्रांती घेणे, असे ऐकणाऱ्याला वाटते.

प्रत्यक्षात सोडण्यासाठीही ऊर्जा लागते. चेतातंतूकडून संदेश आला की पेशीतील साठ्यातून कॅल्शियम बाहेर येते, ते ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटते, ट्रोपोमायोसिन बाजूला होते आणि मायोसिनला ॲक्टिन पकडता येते. कॅल्शियमच्या या भूमिकेचा उलगडा करण्यात जपानी शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांचे १९६० च्या दशकातील संशोधन महत्त्वाचे ठरले. पकड सुटण्यासाठी मायोसिनला एटीपीचा नवा रेणू मिळावा लागतो. आणि कॅल्शियम साठ्यात परत ओढून नेण्यासाठीही एटीपी खर्च होते.

याचा सर्वांत ठळक पुरावा मृत शरीरात दिसतो. मृत्यूनंतर काही तासांत प्रेत ताठते, हे खेड्यापाड्यांतही सर्वांना ठाऊक असते. 'आकुंचनाला ऊर्जा लागते आणि शिथिलीकरण म्हणजे विश्रांती' एवढेच शिकलेल्या विद्यार्थ्याच्या तर्काने, ऊर्जा संपल्यावर शरीर कायमचे सैल पडावयास हवे. घडते ते उलट. एटीपी संपते, म्हणून मायोसिनची पकड सुटत नाही. पुढे प्रथिनांचे विघटन सुरू झाल्यावरच तो ताठरपणा ओसरतो. परिभाषेने उभे केलेले चित्र चुकीचे असेल, तर डोळ्यांसमोरची वस्तुस्थितीही कोड्यासारखी वाटू लागते, ती अशी.

६. 'मंद' तंतुपेशींचा अवमान

तंतुपेशींचे स्थूलमानाने दोन प्रकार मानले जातात. एक प्रकार हळू ओढतो, भरपूर ऑक्सिजन वापरतो, त्यात मायोग्लोबिन व मायटोकाँड्रिया विपुल असतात आणि तो दीर्घकाळ थकत नाही. दुसरा वेगाने व जोराने ओढतो, पण लवकर थकतो. त्यांच्या दरम्यानचेही प्रकार असतात. मराठीत त्यांना 'मंद' आणि 'जलद' म्हणण्याचा प्रघात आहे. आपल्या भाषेत मंद बुद्धी, मंद अग्नी, मंद विद्यार्थी हे सर्व उणेपणाचे उल्लेख आहेत. साहजिकच 'मंद' तंतुपेशी म्हणजे कमी प्रतीच्या, असा समज होतो.

नाशिक जिल्ह्याचा क्रीडा इतिहासच याला उत्तर देतो. सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत यांनी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. अर्ध्या तासाहून अधिक काळ चालणारी अशी शर्यत मुख्यत्वे न थकणाऱ्या तंतुपेशींच्या आधारावर धावली जाते. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावे स्थान मिळविले. २००० मीटरच्या त्या शर्यतीत, सुमारे सात मिनिटांत, दोन्ही प्रकारच्या तंतुपेशींची कसोटी लागते. ज्या गुणामुळे खेळाडू दहा किलोमीटर धावू शकतो, त्याला 'मंद' म्हणणे अन्यायाचे आहे. 'चिवट' आणि 'चपळ' हे अस्सल मराठी शब्द या दोन प्रकारांना शोभतात. त्यांत गुण सांगितला जातो, प्रत लावली जात नाही.

७. काही आक्षेपांचा विचार

या प्रतिपादनावर असा आक्षेप घेता येईल की, संज्ञा हा केवळ संकेत असतो आणि इंग्रजीतील 'काँट्रॅक्शन' हा शब्दही तितकाच दिशाभूल करणारा आहे. आक्षेपात तथ्य आहे. इंग्रजीतील 'मसल' हा शब्दसुद्धा लॅटिनमधील 'लहान उंदीर' या अर्थाच्या शब्दापासून आला आहे आणि त्याने कोणाचे बिघडले नाही. आपली 'बेटकुळी' बेडकाची आठवण करून देते. योगायोगाने स्नायूविषयीच्या अनेक मूलभूत प्रयोगांत बेडूकच वापरला गेला. परंतु उंदीर किंवा बेडूक या प्रतिमा बाह्य आकाराच्या आहेत, त्या क्रियेचे कारण सांगत नाहीत. 'आकुंचन' कारण सांगतो असा आभास निर्माण करतो, म्हणून त्याची चिकित्सा आवश्यक ठरते.

दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. रूढ संज्ञा बदलल्या तर गोंधळ वाढेल, अशी भीती व्यक्त होते. तीही रास्त आहे. भाषा संचालनालय, विश्वकोश आणि शालेय पुस्तके यांच्या कामातून जी परिभाषा स्थिरावली, तिच्यामागे मोठे श्रम आहेत. येथे सुचविलेले शब्द तिची जागा घेण्यासाठी नाहीत. रूढ संज्ञेच्या शेजारी एखादे स्पष्ट वाक्य, एखादा घरचा शब्द आणि रचनेच्या पायरीचा निर्देश असावा, इतकीच अपेक्षा आहे.

८. समारोप

स्नायूच्या मराठी मांडणीत शब्दांची उणीव नाही. उलट एका शब्दावर अनेक अर्थ लादले गेले आहेत. 'पेशी' हा शब्द दोन शास्त्रांत दोन अर्थांनी वावरतो, 'तंतू' तीन पायऱ्यांना पुरविला जातो, 'आकुंचन' धातूचे चित्र स्नायूवर लादतो आणि 'मंद' हा शब्द चिवटपणाला कमीपणा आणतो. या चारही ठिकाणी दुरुस्ती शक्य आहे व ती वर्गातील अध्यापकाच्या हाती आहे. विषय शिकविण्यापूर्वी दहा मिनिटे शब्दांसाठी द्यावीत. फळ्यावर सहा पायऱ्या लिहाव्यात. खिशातली आगपेटी उघडून मिटवून दाखवावी. आणि विद्यार्थ्यांनी घरून आणलेले गोळा, उसण, बेटकुळी हे शब्द कोणत्या पायरीवर बसतात, हे त्यांनाच शोधावयास सांगावे. परीक्षेत 'आकुंचनाची व्याख्या लिहा' या प्रश्नाऐवजी 'प्रेत का ताठते?' असा प्रश्न विचारला, तर विषय समजला की केवळ पाठ झाला, हे उत्तरपत्रिकेतून सहज कळेल.